न सांगायचं नाव

बनुबाईनं भिंतीकडे तोंड केलं, हाताएवढी सहाण मांडीवर घेतली, तिच्यावर वाटीतलं थोडं पाणी शिंपडलं आणि पदराच्या आडोशानं ती वस्तू उगाळायला सुरुवात केली. डाव्या अंगाची छाती कापून काढल्यापासून तो हात खांद्याच्या वर जात नव्हता, पण उगाळायला उजवा पुरेसा होता. सहाणेवर तांबूस-तपकिरी गंध उतरलं, तसं तिनं ते बोटावर घेऊन जिभेखाली लावलं. कडू-तुरट चव तोंडभर पसरली. मग वस्तू फडक्यात बांधली, फडकं चंचीत घातलं, चंची कमरेला खोचली आणि काही झालंच नाही अशा थाटात ती वॉर्डाकडे वळून बसली.

मिरजेच्या त्या दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात, कुणाचं काही लपून राहत नसे. कुणाच्या डब्यात काय आलं, कुणाचा नवरा भेटायला येईनासा झाला, कुणाच्या माणसाला डॉक्टरांनी बाहेर बोलावून काय सांगितलं, सगळं दुपारपर्यंत सगळ्या खाटांवर पोचायचं. बनुबाई रोज सकाळी काहीतरी उगाळून चाटते, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते काय, असं एकीनंही विचारलं नाही. असल्या औषधाचं नाव विचारायचं नसतं आणि देणाऱ्यानं सांगायचं नसतं. सांगितलं की गुण जातो. हे शेणोलीच्या बाईला ठाऊक होतं, जतच्या बाईला ठाऊक होतं, आणि उठता-बसता नाकानं कांदे सोलणाऱ्या सांगलीच्या काकूंनाही ठाऊक होतं.

बनुबाईचं गाव मेढ्याच्या वर, डोंगरात. लाळ गळणारं, तोंड आल्यानं दूध न पिणारं पोर काखेत मारून आसपासच्या गावांतल्या बाया तिच्या दारात यायच्या. ती उगाळून बोटभर चाटवायची. मोबदला घ्यायची नाही, कारण तेही चालत नाही. सासूनं तिला ते झाड दाखवलं होतं तेसुद्धा बोट न करता, नुसती हनुवटी उचलून. छप्पन साली धर्म बदलला तेव्हा देव्हाऱ्यातले टाक टोपलीत भरून बनुबाईनं स्वतः नेऊन वेण्णा नदीत सोडले होते. तेव्हा ती जराही डगमगली नव्हती. थोरला मुलगा सोपान पलटणीत हवालदार होता. सुटीवर आला की तो तिला छेडायचा.

"आई, देव सोडलंस, आन् ह्ये नाव न सांगायचं खूळ तेवढं धरून बसलीस व्हय?"

"देवांनी माझं कुठलं पोर बरं केलं व्हतं? ह्यानं केलंय," ती म्हणायची.

आता तिला ते स्वतःसाठी हवं होतं. ऑपरेशननंतर मोठे डॉक्टर सोपानशी बोलत होते ते तिनं डोळे मिटून ऐकलं होतं. काखेपर्यंत पोचलंय, म्हणाले. शेक देऊ, पुढचं पुढे बघू. शेक म्हणजे तळमजल्यावरच्या यंत्राचे किरण. वॉर्डातल्या बायकांनीच त्यांना ते नाव पाडलं होतं, आणि आता डॉक्टरही तेच म्हणत. चौऱ्याहत्तर सालचा रेल्वेचा मोठा संप मिटून गाड्या सुरू झाल्या, तसा सोपान पलटणीत परत गेला आणि ती एकटी राहिली. शेक ती घेत होती, चुकवत नव्हती. पण तिचा खरा भरवसा कमरेच्या चंचीवर होता. ती जगायचं ठरवून आली होती, आणि आपल्याला जगवते आहे ती जिभेखालची कडू चवच, असं तिनं मनाशी घट्ट धरलं होतं.

शेजारच्या खाटेवर राही होती. वाळव्याकडच्या, कृष्णाकाठच्या ऊसवाल्या घरातली सून. पंचविशीही गाठली नसेल. मानेत सुपारीएवढ्या गाठी एकीला एक लागून आलेल्या. डॉक्टर हेर्लेकरांनी तिच्या माणसांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ही गाठ शेकाला दाद देते. पोरगी बरी होऊ शकते. पण शेक पुरा झाला पाहिजे. अर्ध्यात सोडलात तर गाठ परत येईल, आणि मग आमच्या हातात काही राहणार नाही."

तिची माणसं म्हणजे सासरा नानासो आणि नवरा ज्ञानू. नानासो बोलायचे आणि ज्ञानू मान हलवायचा. त्या घरात कामांची वाटणी फार पूर्वीच झाली असावी.

आल्या दिवशी नानासोंनी बनुबाईला विचारलं होतं, "बाई, कुठल्या म्हनायच्या तुमी?"

"मेढ्याच्या वरल्या."

"कुणाच्यातल्या?"

"बौद्धांच्यातली हाय मी," बनुबाई म्हणाली होती, विचारलं होतं त्याहून मोठ्यानं.

दोन खाटांच्या मधे ठेवलेली त्यांची पाण्याची कळशी संध्याकाळपर्यंत पलीकडच्या बाजूला गेली. हलवली ज्ञानूनं, मान खाली घालून. बनुबाईला राग आला आणि हसूही आलं. एकाच नळाचं पाणी, एकाच यंत्राचा शेक, आणि कळशी तेवढी सोवळ्यातली!

शेकानं राहीची मान काळवंडली. मानेवरचे केस गेले, तोंड आणि घसा आतून सोलून निघाला. पेजेचा घोटही गिळवेना, तेव्हा ती उशीत तोंड घालून रडायची. "पोरीला जाळाय लागल्यात," नानासो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. एका दुपारी बापलेक खानावळीत जेवायला गेले, तशी बनुबाईनं सहाण काढली, उगाळलं आणि राहीच्या खाटेशी जाऊन उभी राहिली.

"आ कर."

"काय हाय, आत्या?"

"तोंडाचं औषद. इचारू नगंस."

राहीनं तोंड उघडलं. रोज दुपारी असं चाललं. आठवड्याच्या आत ती दूधभात गिळायला लागली. आणि पोरगी साधी, तिनं सासऱ्याला सांगून टाकलं की आत्यांनी औषध दिलं. नानासोंनी बनुबाईकडे त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं.

नेमकी त्याच सुमारास डॉक्टर हेर्लेकरांना बोलायची हुक्की आली. तरुण माणूस, हुशार, वाचायचा नाद. आणि वाचलेलं पोटात राहत नाही असा. दवाखान्याच्या मागच्या शेडमध्ये त्यांनी पांढरे उंदीर पाळले होते. त्या सकाळी ते आले ते थेट बनुबाईच्या खाटेशी थांबले.

"बनुबाई, तुम्ही डोंगरातल्या. झाडाच्या खोडावर उगवते ती अळंबी, लाकडासारखी टणक, तुमच्याकडे कुठल्या झाडावर दिसते?"

बनुबाईचा हात आपसूक कमरेकडे गेला. तिनं तो मांडीवर आणून ठेवला. "कशापायी वो?"

"जपानात प्रयोग झालाय," डॉक्टर म्हणाले, आणि बघता बघता अख्ख्या वॉर्डाशी बोलू लागले. "तिकडे झाडावरची एक अळंबी लोक खातात. तिचा अर्क काढला आणि काचेच्या भांड्यात गाठीच्या पेशींवर टाकला. काय झालं असेल?"

"मेल्या असत्याल," राही म्हणाली.

"छे! मजेत वाढत राहिल्या. पण तोच अर्क गाठ असलेल्या उंदराला टोचला, तर गाठ आक्रसली. कित्येक उंदरांची तर नाहीशीच झाली. आता मला सांगा, गाठ मारली कुणी?"

सगळ्या खाटांवरून माना त्यांच्याकडे वळल्या. डॉक्टरांना तेच हवं होतं.

"उंदरानं! त्याच्या स्वतःच्या अंगानं. आपल्या रक्तात राखणदार असतात. बाहेरून जंतू आला की ते त्याला ओळखतात, धरतात, खाऊन टाकतात. पण गाठ ही आपल्याच पेशी बिघडून झालेली. घरातलाच चोर, म्हणून त्याच्याकडे कानाडोळा होतो. अळंबीतला एक साखरेच्या जातीचा पदार्थ या राखणदारांना हलवून जागं करतो. ज्या उंदरांचे राखणदार आधीच कमजोर करून ठेवले होते, त्यांना अर्क देऊनही उपयोग झाला नाही. म्हणजे ही चोराच्या टाळक्यात घालायची काठी नाही. ही वेसकराला मारलेली हाक आहे."

वेसकर हा शब्द त्यांनी सहज वापरला. बनुबाईचा सासरा गावचा वेसकर होता. उभा जन्म त्यानं गावाच्या वेशीवर राखण केली आणि त्याच गावात भाकरी मागायला गेला तो उंबऱ्यापासून लांब उभा राहून.

"वेसकर जागाच असतोय, डॉक्टर," ती म्हणाली. "गाव त्येचं ऐकत न्हाई."

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, बाई गंमत करते आहे. "चोर फार झाले तर एकटा वेसकर तरी काय करणार? म्हणून आधी सुरी, आधी शेक. आणि हे सगळं अजून उंदरांपुरतंच आहे बरं का. माणसांचं कुणी काही सिद्ध केलेलं नाही."

हे शेवटचं ते पुढच्या खाटेकडे जाता जाता बोलले, आणि जाता जाता बोललेलं कोण ऐकतं? दुपारपर्यंत वॉर्डात बातमी झाली ती अशी की जपानात उंदरांची गाठ अळंबीनं गेली. संध्याकाळी बाहेरच्या ओट्यावर माणसं बसली, तोवर तिच्यात उंदीर उरले नव्हते आणि जपानही उरला नव्हता. डॉक्टरच म्हणाले, अळंबीनं गाठ जाते.

बनुबाई मात्र त्या दिवशी वेगळ्याच आनंदात होती. सासूनं हनुवटी उचलून दाखवलं होतं, त्याचंच कुठलं तरी भावंड समुद्रापलीकडच्या डॉक्टरांना सापडलं होतं. म्हणजे आपण वेड्या नव्हतो. सोपानला हे सांगायला हवं, असं तिच्या मनात आलं. हेर्लेकरांना चंची सोडून दाखवावी, असंही आलं. मग तिनं ओठ मिटले. गुण खरा आहे अशी साक्ष आज मिळाली, आणि आजच तो घालवायचा? मरायचंय का मला?

दुसऱ्या दिवशी सकाळी राहीनं तिचा हात ओढून आपल्या मानेवर ठेवला.

"आत्या, बघा की. बारीक झाल्यात."

खरंच झाल्या होत्या. सुपारीच्या जागी बोराची बी लागावी, एवढ्या. पोरीचे डोळे भरून आले होते. बनुबाईनं तिच्या गालावर हात फिरवला आणि तिला इतकं बरं वाटलं की आपल्या काखेतलं दुखणंही ती थोडा वेळ विसरली.

त्याच दुपारी नानासो तिच्या खाटेशी आले. हातात पितळी ताटली, ताटलीत खण आणि नारळ. ताटली त्यांनी तिच्या खाटेवर ठेवली. कळशी पलीकडे नेणारा माणूस आपल्या घरची ताटली बनुबाईच्या चादरीवर ठेवतो, हे सगळ्या वॉर्डानं मान वळवून बघितलं. अडला हरी, अशी एक म्हण आहेच. बनुबाईनं ती मनातही पुरी केली नाही, कारण पुढच्या भागात गाढव आपण ठरतो.

"बाई, तुमच्या हाताला यश हाय," नानासो म्हणाले. "सुनंच्या गाठी बारीक झाल्या. डॉक्टर म्हनत्यात ती वस्तू तुमच्यापाशी हाय, एवढं मला बी कळतंय. नाव सांगू नगासा. नावानं गुण जातो. फकस्त वस्तू द्या, म्हंजी आमी मोकळं."

"मोकळं म्हंजी?"

"उद्या सकाळी आमची जीप येतीया. पोरीला घरी न्हेतो."

बनुबाईला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "आन् शेक?"

"शेक बंद. दोन इलाज एका अंगात नांदत न्हाईत. जाळ एकीकडनं आन् औषद एकीकडनं, कसं चालंल? डॉक्टरला सांगून झालं. सही करून न्ह्या म्हनला, चिडून."

"गाठी शेकानं बारीक झाल्यात, नानासो."

"तर! शेक किती दिस चाललाय? तवा का न्हाई झाल्या? तुमी बोट लावलंसा आन् झाल्या."

बनुबाई बोलून तर गेली होती. गाठी कशानं कमी झाल्या हे ती तरी कुठे छातीवर हात ठेवून सांगू शकत होती? पण तोंडाला लावायचं औषध तोंडाला लागू पडलं होतं, एवढं तिला ठाऊक होतं. आणि आणखी एक गोष्ट ठाऊक होती, जी तिनं कुणाला सांगितली नव्हती, स्वतःलाही धडपणे सांगितली नव्हती. ती तिनं आता सांगितली.

"ऐका माझं. माझ्या छातीत गाठ हाताला लागली तवापास्नं मी ह्ये चाटतीया. वरीस झालं. गाठ वाढतच गेली. म्हनून तर मी हितं आले, कापून घ्याय."

हे बोलायला तिला फार जड गेलं. नानासोंनी मात्र ते चुटकीसरशी उडवून लावलं.

"वैद्याला सोताचं औषद लागू पडत न्हाई. जुनी मान्सं सांगत आल्यात."

आता या माणसाला काय सांगायचं! प्रत्येक दाराला त्यानं आतून कडी घातली होती. बनुबाईनं राहीकडे बघितलं.

"तुजं काय म्हननं हाय गं?"

राहीनं नवऱ्याकडे बघितलं. ज्ञानू फरशीकडे बघत होता. "मामंजी म्हनतील तसं," राही म्हणाली. पण खाटेची लोखंडी दांडी तिनं मुठीत एवढी आवळून धरली होती की बोटं पांढरी पडली होती. मरायचं नव्हतं त्या पोरीला. फक्त ते म्हणायची तिला सवय नव्हती.

बनुबाईच्या डोक्यात तिडीक उठली. नानासोंचा राग आला, डॉक्टरांच्या चुरचुरीत बोलण्याचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या बोटाचा आला. पोरीच्या तोंडात ते घातलं तिनंच. चंचीतली वस्तू दिली नाही, तर हा माणूस दुसऱ्या कुणाकडून असलंच काही आणेल. पण पोरीला नेणार ते नेणारच. वस्तूत गुण आहे असं जोवर त्याला वाटतं आहे, तोवर नेणार. तिच्या मनात हे अगदी लख्ख झालं आणि त्यासरशी पुढे काय करायचं तेही कळलं.

ती खाटेवरून उतरली. चंची सोडली, फडकं सोडलं आणि ती तपकिरी वस्तू हातात धरून वॉर्डाच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"सगळ्याजणी ऐका गं!"

"बनुबाई, नगं!" शेणोलीची बाई ओरडली. तिला आधी कळलं होतं.

"ह्ये फणसावरचं अळंबं हाय," बनुबाई म्हणाली. टोकाच्या खाटांपर्यंत पोचावं म्हणून तिनं परत मोठ्यानं म्हटलं. "फणसाचं अळंबं! जुन्या फणसाच्या खोडाला येतं, लाकडावानी घट. वाळवायचं, सहानंवर पान्यात उगाळायचं आन् पोराच्या तोंडात लावायचं. मला माझ्या सासूनं दावलं, तिला तिच्या सासूनं. फणसाचं अळंबं. आनिक कुणाला ऐकायचंय का?"

कुणाला ऐकायचं नव्हतं. सांगलीच्या काकूंनी कानांवर हात ठेवले, पण उशिरा. जतच्या बाईनं पदर तोंडाला लावला.

देव नदीत सोडताना बनुबाई डगमगली नव्हती. आता मात्र तिला खरी भीती वाटत होती. ही वस्तू आत्ता, याच घटकेला, नुसतं लाकूड झाली असं तिला अंगभर जाणवलं. सोपान इथं असता तर हसला असता. तिला हसू येत नव्हतं.

"काय केलंसा ह्ये, बाई?" नानासो म्हणाले. "एवढ्या गावांची पोरं तुमच्या दारात येत व्हती. आन् तुमी सोता... तुमाला बी तेच औषद व्हतं की!"

"व्हतं." तिनं ती वस्तू त्यांच्यापुढे धरली. "आता न्ह्या. करा जीप आन् न्ह्या. घ्या की!"

नानासो दोन पावलं मागं सरले. मग राहीच्या खाटेच्या कडेवर बसले, आणि एरवी पहाडासारखा दिसणारा तो माणूस एकाएकी साधा म्हातारा दिसू लागला. बनुबाईला त्यांची दयाही आली. सून मरावी असं त्यांना थोडंच वाटत होतं? ते घाबरले होते, एवढंच. घाबरलेली माणसं मोठ्यानं बोलतात.

गलका ऐकून डॉक्टर हेर्लेकर धावत आले. काकूंनी त्यांना एका दमात सगळं सांगितलं. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर आधी काळजी होती. 'फणस' ऐकल्यावर तिथं दिवाळी झाली.

"फणसावरची? खोडावर येते ती? बनुबाई, एक तुकडा द्याल मला?"

"तुकडा कशाला, सगळंच घ्या."

"अहो पण तुम्ही असं का धरून बसलात? नाव सांगितल्यानं औषधाचा गुण काही—"

"डॉक्टर!"

पोर विस्तवात हात घालायला निघालं की आई ओरडते तशी ती ओरडली. डॉक्टर दचकले.

"तुमच्या उंदरांना नाव ठावं न्हाई," बनुबाई सावकाश म्हणाली. "त्येंना लागू पडंल. मान्सांचं मान्सांपाशी ऱ्हाऊ द्या."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. मग खाटेच्या कडेवर बसलेल्या नानासोंकडे, मग दांडी धरून बसलेल्या राहीकडे. वाचलेलं पोटात न ठेवणारा तो माणूस. पण तेवढं एक त्यांनी गिळलं. वस्तू रुमालात गुंडाळून त्यांनी खिशात ठेवली.

नानासोंनी मान न उचलता विचारलं, "शेक अजून किती ऱ्हायला म्हनायचा?"

"दोन आठवडे. मधे खंड न पाडता."

"ज्ञानू," नानासो म्हणाले, "जीप नगं म्हनून सांग जा."

ज्ञानू मान हलवायलाही थांबला नाही. चपलासुद्धा न घालता पळत सुटला.

सकाळी बनुबाईला जाग आली ती नेहमीच्या वेळी. सवयीनं ती भिंतीकडे वळली, आणि मग आठवलं. तोंड पाणचट लागत होतं. जीभ आपली उगाच तळाशी जाऊन काही शोधत होती. तिला वाटलं, काखेत आज जास्त दुखतंय. वाटलं, आता आपले दिवस भरत आले. शेकसुद्धा कशाला घ्यायचा, असंही क्षणभर वाटलं. वॉर्डातल्या बायका तिच्याकडे बघायचं टाळत होत्या.

राही उठून तिच्याजवळ आली.

"आत्या, माझ्यापायी गेलं तुमचं औषद."

"गेलं तर गेलं."

"मंग आता तुमी काय घ्यायचं?"

बनुबाईनं पाय खाटेवरून खाली सोडले. चार बायका ऐकत होत्या. न बघणारे नानासोही ऐकत होते.

"मी हाय की अजून," ती म्हणाली. "मला कुणी नाव सांगून घालवलं न्हाई."

आया चाकाची खुर्ची घेऊन आली. खुर्ची नको म्हणून बनुबाईनं हातानंच सांगितलं आणि ती राहीला बरोबर घेऊन जिना उतरू लागली. तिसऱ्या पायरीवर तिला थांबावं लागलं, पुढे आणखी एकदा थांबावं लागलं. राहीनं हात पुढे केला, तो तिनं धरला. खाली बाकावर दोघी बसल्या. आधी राहीचं नाव होतं, पण ती बाकावरून उठेना, म्हणून बनुबाई उठून म्हणाली, "माझं आधी घ्या."

यंत्र चालवणाऱ्यानं तिला पलंगावर निजवलं, छातीवरच्या शाईच्या खुणा जुळवून घेतल्या आणि हात बाजूला ठेवायला लावला. मग रोजच्यासारखं म्हणाला, "हलायचं नाही. मी बाहेर जाऊन दार लावतो. एकटं वाटलं तरी घाबरू नका."

त्या उघड्या दारातून बाकावरची राही तिला दिसत होती, आणि राहीला ती.

"तू दार लाव रं बाबा," बनुबाई म्हणाली. "हितं मी जागी हाय."